आजोबांच्या दस्त्याला पटाशी का लावली

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, आजोबा शिकारीसाठी सोलापूरजवळच्या ज्या नान्नजच्या माळावर हिंडत तिथे १९७९ पासून माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे, म्हणजे त्यांची .२२ रायफल आता आठवण म्हणून जपायची, मग तिच्या अक्रोडी दस्त्यात अॅराल्डाइट (घट्ट होणारा डिंक) भरून तू ती वस्तू का बिघडवलीस, असे घरचेही विचारतात आणि नेमबाजीच्या रेंजवरचे सोबतीही. एकदाच नीट सांगतो.

मी शिकार करत नाही. परवाना माझ्या नावावर आहे आणि मी ५० मीटरवरच्या कागदावर नेम धरतो, जिथे दहा गुणांचे, मधले वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा लाकूड सुकून आकसते, पावसाळ्यात फुगते, तेही लांबीत कमी आणि लाकडाच्या रेषांच्या आडवे जास्त. लोखंड मात्र तसेच राहते, त्यामुळे त्याची बैठक ऋतूगणिक बदलते. माझ्या गोळ्या एप्रिलात एकीकडे आणि ऑगस्टात दुसरीकडे पडत, आणि कित्येक वर्षे मी तो दोष श्वासाचा आणि खांद्याचा मानला. बंदुकीला नावे ठेवणारा नेमबाज कच्चा, असे तेव्हा मीच इतरांना ऐकवत असे. आजही ते पूर्ण खोटे वाटत नाही.

रायफल रिकामी आहे याची खात्री करून एका रविवारी मी ती ओसरीवर आडवी धरली आणि काकांना सांगितले, "नळी आणि लाकूड जिथे जवळ येतात तिथे बोट ठेवा." ते ठेवेनात. "तुझ्या आजोबांनी हिला कधी उघडी केली नाही," एवढेच म्हणाले. अखेर त्यांनी अंगठा नळीवर आणि तर्जनी लाकडावर टेकवली. लोखंड दस्त्याला आवळून धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पुढचा मी सैल केला, तशी नळी त्यांच्या अंगठ्याखाली वर उचलली गेली. आवळला, तशी पुन्हा खाली बसली. म्हणजे प्रत्येक वेळी स्क्रू आवळताना लोखंड वाकत होते, आणि त्या ताणातूनच गोळी सुटत होती. काकांनी दोनदा करायला लावले. नंतर मी पटाशी लाकडात घातली आणि पहिली ढलपी निघाली, तेव्हा ते काही न बोलता आत निघून गेले. मला ते लागले, अजूनही लागते. पण पटाशी मी थांबवली नाही.

नळी, बोल्ट आणि चाप यांना मी हात लावलेला नाही, ते परवानाधारक कारागिराचे काम. लोखंड ज्या खाचेत बसते तिथल्या लाकडाचा पातळ थर मी काढला, स्क्रूची छिद्रे मळलेल्या मातीने बुजवली, लोखंड चिकटून बसू नये म्हणून त्यावर मेण चोळले आणि लोखंडाला कायमची एकसारखी बैठक मिळावी म्हणून अॅराल्डाइटचा लेप भरून सगळे दुसऱ्या दिवसापर्यंत स्वस्थ ठेवले. दस्त्याच्या पुढच्या भागातली खाच आतून घासून नळी मोकळी केली. आता दोहोंमधून कागद अडखळल्याशिवाय सरकतो. बाहेरून लाकडावर ओरखडाही नाही, तेव्हा "बिघडवलीस" हा शब्द मला मान्य नाही.

ग्रुपिंग, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, आवळले गेले, आणि यंदाच्या पावसातही ते जागचे हलले नाही. पण ते लेपामुळे, की त्यानंतर मी दोन्ही स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळू लागलो त्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासायचे तर लेप खरवडून काढावा लागेल, आणि तेवढ्यासाठी मी त्या लाकडाला पुन्हा पटाशी लावणार नाही.