सीमाभागात रॉक घेऊन फिरताना: खानापूर, चिकोडी, निपाणी, बेळगाव

पहिला अल्बम आला की मराठी बँड पुण्या-मुंबईकडे धावतात. आम्ही बेळगावचे. गाणी शहापूर आणि टिळकवाडीत बसून लिहिली, तेव्हा पहिला दौराही आपल्याच पट्ट्यात करायचा असं ठरवलं. खानापूरपासून सुरुवात, मग चिकोडी, निपाणी आणि शेवटी घरी. मागून येणाऱ्या बँडना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. इथला माणूस शब्द ऐकायला येतो. नाटक, कीर्तन, भजन यांवर तयार झालेला कान आहे हा. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. रॉक म्हणून कोणी नाक मुरडलं नाही, पण ओळ कळली नाही की मागच्या रांगा मोबाइल काढतात. बाकीची सगळी तयारी मी याच हिशेबानं सांगतो.

साउंडवाल्यांपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या बहुतेक साउंड सर्व्हिस गणपतीच्या मिरवणुका आणि लग्नाच्या वराती यांवर चालतात. बेसचे डबे भरपूर, मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) नावाला. ठरवतानाच विचारा: मिक्सर किती चॅनलचा, मॉनिटर किती, डीआय बॉक्स (गिटार-कीबोर्ड थेट मिक्सरला जोडायची डबी) आहेत का, ड्रमसाठी वेगळे माइक आहेत का. तोंडी ‘सगळं आहे की ओ’ यावर जाऊ नका, सामानाची यादी व्हॉट्सअॅपवर मागवा. एका ठिकाणी आम्हाला कबूल केलेले मॉनिटर आलेच नाहीत. जो एक आला तो गायकासमोर ठेवला, ड्रमरला मिक्सरमधून लांब वायर काढून साधे इअरफोन दिले आणि कार्यक्रम पार पडला. तेव्हापासून हेडफोनचा छोटा अॅम्प्लिफायर आणि लांब केबल कायम आमच्या पेटीत असते.

नाट्यगृह सोडलं तर कार्यक्रम होतो मंगल कार्यालयात, आणि खाली फरशी, वर स्लॅब, भिंती कोऱ्या अशा त्या हॉलमध्ये स्नेअर ड्रमचा एक ठोका चारदा ऐकू येतो. यावर उपाय त्याच इमारतीत असतो. वऱ्हाडाच्या गाद्या! चिकोडीला मॅनेजरना विनंती करून आम्ही वरच्या खोलीतल्या गाद्या खाली आणल्या, ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना भिंतीला टेकवून उभ्या केल्या, उरलेल्या मागच्या भिंतीला लावल्या. ड्रमरनं काठ्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या, आवाज हलका येतो) घेतल्या. आवाज एकदम आवळून आला आणि गायकाचे शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले. गाद्या परत जागेवर लावून द्या, म्हणजे पुढच्या बँडलाही मिळतील.

विजेबद्दल मी जरा हट्टानं सांगणार आहे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. खानापूरला उघड्यावर जनरेटरवर वाजवलं. साउंड चेकच्या आधी आमच्या गिटारिस्टनं टेस्टर गिटारच्या तारेला लावला, तर दिवा लागला. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात जेमतेम वीतभर रोवली होती. खोल ठोकून घेतली, भोवती मीठ-पाणी ओतलं, पुन्हा टेस्टर लावला, दिवा विझला, मगच वाजवायला उभे राहिलो. एका हातात गिटार आणि ओठाला माइक, अशा वेळी शॉक बसला तर तो छातीतून जातो. टेस्टर खिशात ठेवा, माइकला फोमची टोपी घाला, आणि अॅम्प्लिफायर व मिक्सर एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर घ्या. गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका.

आता शब्दांकडे. अल्बम कोणी ऐकलेला नसणार हे धरूनच निघालो होतो, म्हणून सगळ्या गाण्यांचे शब्द एका घडीच्या कागदावर छापले आणि तिकिटाबरोबर दिले. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला तीच मराठी गाणी कन्नड लिपीत. हे करा असं मी अगदी आग्रहानं सांगेन. घरी मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी अशी किती तरी मुलं आहेत. बोलतात झकास, पण देवनागरी अडखळत वाचतात. निपाणीला कॉलेजच्या पोरींचा एक घोळका कन्नड बाजू वर धरून आमच्याबरोबर गात होता आणि त्यांच्या पुढच्याच रांगेत एक आजोबा देवनागरी बाजूवर बोट फिरवत होते. त्याच कागदावर अल्बमचा क्यूआर कोड छापला. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडून आलेल्यांना घरी गेल्यावर रेंजचा भरवसा नसतो, त्यांना गाणी तिथल्या तिथे डाउनलोड करून द्या.

आमच्या एका गाण्यातली आजी बसची कन्नड पाटी आणि कन्नड आकडे वाचता येत नाहीत म्हणून कंडक्टरच्या हाकेवर कान ठेवून बस पकडते. खानापूरला ते कडवं संपलं आणि मागून कोणीतरी ‘जांबोटी, जांबोटी, जांबोटी!’ असा अस्सल कंडक्टरी सूर लावला. मग दुसरीकडून ‘लोंढा, लोंढा!’ ड्रमरनं ती लय उचलली आणि ठरवलेलं नसताना गाण्याला नवा शेवट मिळाला. पुढे प्रत्येक गावात तिथल्या बसची नावं लोकांकडूनच मागून घेतली.

स्टेजवरून दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला. समोर कन्नड घरातले मित्र असतात, पास देणाऱ्या हवालदारांपासून लायटिंगच्या पोरापर्यंत सगळ्यांशी तुमचं काम असतं, आणि ‘एल्लरिगू नमस्कार’ म्हटल्यावर टाळी दोन्हीकडून येते. सीमाप्रश्न आमच्या घरांनी १९५६पासून सोसलाय. तो आमच्या गाण्यात आहे आणि तिथे पुरेसा बोलतो. दोन गाण्यांमध्ये त्यावर भाषण केलं नाही, ते बरंच झालं असं मला वाटतं.

तारखा मात्र बघून घ्या. १ नोव्हेंबर पूर्ण टाळा. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणूस काळा दिवस पाळतो, सगळा बंदोबस्त तिकडे. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातली लॉजेस भरतात आणि पोलीस परवानगीला वेळ लागतो. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात उघड्यावर काही ठरवूच नका, पाऊस ऐकत नाही. आम्हाला जानेवारी-फेब्रुवारी मानवला. लाउडस्पीकरचा अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. उघड्यावर रात्री दहाला बंद म्हणजे बंद. हॉलमध्ये असलात तरी शेजारच्या वस्तीतून फोन गेला की तोच नियम लागतो, तेव्हा सातला सुरू करा.

प्रवास सोपा आहे. बेळगावहून खानापूर पाऊण तासावर, निपाणी हायवेनं साधारण ७५ किलोमीटर. वाटेत हत्तरगीचा टोल आणि तवंदीचा घाट. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळे ड्रमकिट घेऊन येणाऱ्यांनी गाडीच करावी. कोल्हापूरकडून पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी आणत असाल तर कर्नाटकचं तात्पुरतं परमिट आणि टॅक्स आधीच भरा, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर थांबवलं की साउंड चेक गेलाच म्हणून समजा.

रात्री परतीचा बेत चिकोडी-निपाणी भागात शक्यतो करू नका. उसाचा हंगाम असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर येतात. मुक्काम करा, सकाळी भाकरी-झुणका खाऊन निघा.

हॉलची चौकशी दिवाळीच्या आधीच उरका. तुळशीचं लग्न लागलं की सगळी मंगल कार्यालयं लग्नांना जातात आणि शनिवार-रविवार मिळत नाही. बुधवार-गुरुवार मागितलात तर भाडंही कमी करतात, आणि निपाणीत तरी आमच्या कार्यक्रमाला गुरुवारीही हॉल भरला होता.