थायलंडचं टू-व्हीलर लायसन्स आणि फळीवरचे १० सेकंद

पुण्यात मी अकरावीपासून गाडी चालवते. आधी आईची कायनेटिक, मग स्वतःची अ‍ॅक्टिव्हा, गणपतीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला गाडी घालणारी बाई मी. त्यामुळे बँकॉकमधे टू-व्हीलरचं लायसन्स काढायचं ठरलं तेव्हा मला टेन्शन कागदांचं होतं, टेस्टचं अजिबात नव्हतं. झालं बरोब्बर उलटं.

आम्ही ऑन नुटला राहतो. नवऱ्याची नोकरी इथे, मी आणि लेक त्याच्या व्हिसावर डिपेंडंट. स्टेशनपासून आमची सोय (सोय म्हणजे गल्ली, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुठलीतरी सोय केलीय) आत दीडेक किलोमीटर आहे आणि एप्रिलमधे ते अंतर चालायचं म्हणजे शिक्षा. भगव्या जाकिटवाल्या मोटरसायकल टॅक्सीला रोज पैसे देऊन कंटाळले, सेकंडहँड होंडा क्लिक घेतली आणि खोटं कशाला बोलू, काही महिने तशीच चालवली. मग एकदा नवऱ्याने इन्शुरन्सचे कागद नीट वाचले. बाईकचं लायसन्स नसताना अपघात झाला तर क्लेम विसरा. त्याच्याकडे थाई लायसन्स आहे पण ते कारचं, इथे कारच्या लायसन्सवर स्कूटर चालत नाही, दोन्ही वेगळी काढावी लागतात. "अगं उद्या कोणी ठोकलं तर आपण काय सारसबाग विकायची का" हे त्याचं वाक्य. म्हटलं बरं, काढते.

माझं पुण्याचं लायसन्स चालू असतं आणि त्यावर बाईकचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल परमिट असतं तर प्रॅक्टिकलमधून सूट मिळाली असती. पण माझ्या लायसन्सची मुदत कधीच संपलेली, ते रिन्यू करायला पुण्याला जायचं आणि परत यायचं, त्यापेक्षा इथेच नव्याने सगळं करू असं ठरवलं. तुमचं चालू असेल तर मात्र हा शहाणपणा करू नका, सरळ परमिट काढून आणा.

कागदांचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट, व्हिसाच्या पानांच्या झेरॉक्स (प्रत्येक झेरॉक्सवर सही), डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि पत्त्याचा पुरावा. डॉक्टरचं काम सोपं, गल्लीतल्या क्लिनिकमधे बीपी घेतलं, वजन केलं, पाच मिनिटात कागद हातात. पत्त्यासाठी ज्यांच्याकडे वर्क परमिट आहे त्यांना तेच चालतं, माझ्यासारख्या डिपेंडंटला इमिग्रेशनकडून रहिवासाचा दाखला आणावा लागतो. तिथे गेल्यावर कळलं की आमच्या घरमालकाने टीएम ३० भरलेलाच नाही. परदेशी माणूस घरात राहायला आला की मालकाने २४ तासात कळवायचं असतं तो हा फॉर्म, आणि आमचे मालक गोड हसून "माय पेन राय" म्हणजे काही हरकत नाही म्हणणाऱ्यातले. हरकत होती. त्यात अख्खा आठवडा गेला.

लायसन्सला इथे बाय खाप खी म्हणतात आणि आरटीओला खोन सोंग. गाडीला शब्द रोट, तो आपल्या रथावरून आलाय. माझा रथ होंडा क्लिक. आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायची, हाफ पँट-स्लीपर घालून जायचं नाही. पहिल्या दिवशी आधी शरीराच्या टेस्ट. रंग ओळखायचे, माझं थाई भाजीबाजारापुरतं, पण दँग, लुआंग, खियाओ म्हणजे लाल, पिवळा, हिरवा एवढं येत होतं, त्यातलं खियाओ तर हिरव्या करीमुळे पाठ. मग लाल दिवा लागला की ब्रेक दाबायचा. मग एका खोक्यात लांब दोन काड्या दिसतात, हातातल्या बटणाने एक काडी पुढे-मागे करून दुसरीच्या बरोबर शेजारी आणायची, अंतराचा अंदाज बघतात. मला ते इतकं आवडलं की परत करू का विचारणार होते. त्यानंतर पाच तासांचं लेक्चर, सगळं थाईत, अपघातांचे सीसीटीव्ही व्हिडिओ मात्र भाषेशिवाय कळत होते. या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत टू-व्हीलरवालेच सगळ्यात जास्त, त्यामुळे हॉलमधे पोरंसोरंसुद्धा गप्प बसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी थिअरी, कॉम्प्युटरवर, इंग्रजीत घेता येते. ५० प्रश्न आणि पास व्हायला ४५ बरोबर. इंग्रजी असं की प्रश्न दोनदा वाचायचा आणि थाई माणसाला काय म्हणायचं असेल ते ओळखायचं. लाल-पांढरा कठडा म्हणजे थांबायचंच नाही, पिवळा-पांढरा म्हणजे माणूस उतरवण्यापुरतं थांबा. फायर हायड्रंटपासून ३ मीटरच्या आत गाडी लावायची नाही. सिग्नल नसलेल्या चौकात दोघं एकाच वेळी पोचले तर डावीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. (पुण्यात हा प्रश्न विचारला तर उत्तर काय येईल, जो जोरात हॉर्न मारेल तो.) मला ४७ मिळाले, मी मनातल्या मनात पेढे वाटले.

आणि मग मैदान.

मैदानात एक फळी असते. म्हणजे जमिनीपासून जराशी उचललेली सिमेंटची अरुंद पट्टी, ३० सेंटीमीटर रुंद, १५ मीटर लांब. त्यावरून गाडी न्यायची, पाय टेकायचा नाही, खाली उतरायचं नाही. मला वाटलं हे काय, आमच्या इथे फूटपाथवरून रोज नेतो. गाडी चढवली आणि झुम्म करून पलीकडे. खाली उतरून हेल्मेट काढते तर साहेब मान हलवतायत. "माय फान." नापास. मी म्हटलं का, पाय कुठे टेकला? त्यांनी स्टॉपवॉच दाखवलं. चार सेकंद. नियम असा की फळीवर कमीत कमी १० सेकंद काढायचे.

एक चान्स अजून मिळाला. साहेब हात खालीवर करत म्हणाले "छा छा". मला वाटलं चहा विचारतायत, मी "नो थँक्यू" म्हणाले, मागची कॉलेजची मुलं फिस्सकन हसली. छा छा म्हणजे हळू हळू. हळू गेले आणि निम्म्यात पाय टेकला. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. घरी आल्यावर नवरा काही बोलला नाही, फक्त लेकीला म्हणाला आईला आज चहा कर.

वाचवलं आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनने. त्यांना सगळे लुंग म्हणतात, म्हणजे काका. इसानकडचे, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातले आहेत, साठीचे असतील. मी रात्री पार्किंगमधे खडूने दोन रेघा मारून प्रॅक्टिस करत होते, ते खुर्चीवर बसून दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी उठले, पांढरी चिकटपट्टी आणली, माझ्या वाकड्या रेघा पुसून सरळ पट्ट्या लावल्या आणि समोरच्या खांबाला आपली टोपी अडकवली. खुणेने सांगितलं, चाकाकडे बघू नको, टोपीकडे बघ. मग माझा डावा हात धरून मागच्या ब्रेकवर ठेवला आणि उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, दोन्ही एकदम, थोडं थोडं. मी एवढी वर्षं ब्रेक म्हणजे थांबायला असंच समजत होते, पण अ‍ॅक्सिलरेटर हलकासा चालू ठेवून मागचा ब्रेक चिकटवत नेला की गाडी अक्षरशः म्हशीसारखी डुलत जाते आणि पडत नाही. लुंग शेजारून चालत मोजायचे, नुंग, सोंग, साम, सी, हा... आणि मधेच "जाय येन येन", म्हणजे मन थंड ठेव. माझा सातला तोल जायचा. सातला का ते देव जाणे. चौथ्या रात्री सिप, म्हणजे दहा, झाले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वरच्या गॅलरीतून कोणीतरी खाली डोकावलं.

टेस्टच्या दिवशी फळीच्या पलीकडे एक आंब्याचं झाड होतं, त्याच्या एका फांदीला लुंगची टोपी समजले. १२ सेकंद. बाकी मग खांबांमधून नागमोडी जाणं, स्टॉपच्या पाटीला थांबणं, ते पुणेकरासाठी किरकोळ. थांबणं जरा कमी किरकोळ.

फी १०५ बाट, पहिलं लायसन्स २ वर्षांचं मिळतं. फोटो तिथेच काढतात, केस हेल्मेटने चप्पट झालेले, तसाच छापला. कार्डवर थाईत बौद्ध सन असतो, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे, त्यामुळे माझं जन्मसाल २५२९ झालंय आणि लेक मला "आई तू भविष्यातून आलीस का" म्हणते.

संध्याकाळी लुंगना बेसनाचे लाडू दिले. त्यांनी एक खाल्ला, एक खिशात ठेवला, कार्ड लांब धरून फोटो बघितला आणि बराच वेळ हसले. पट्ट्या अजून पार्किंगमधे तशाच आहेत. परवा चौथ्या मजल्यावरचा जपानी माणूस रात्री तिथे गाडी घेऊन उभा होता आणि खांबाला टोपी लावलेली होती.