जाळीचा पत्ता

नेहमीच्या तपासणीला गेले होते. रक्तदाबाचा पट्टा बांधायला डॉक्टरांनी बाही वर केली आणि थबकले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे.

"मांजर पाळलंय का, काकू?"

"नाही. करवंदं."

डॉक्टर तरुण आहेत, शहरात वाढलेले असावेत. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कागदावर साखरेची तपासणी वाढवली.

रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असली की करवंदीचा काटा जरा जास्तच वसूल करतो. पूर्वी ओरखडा उठला की थुंकी लावायची आणि पुढच्या फांदीला हात घालायचा. आता रुमाल दाबून उभं राहावं लागतं. तेवढ्यात दुसरा हात मोकळा असतोच, त्यामुळे खाणं काही थांबत नाही.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. घरामागे चढण, चढणीवर सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळ. मे महिन्यात तिथला जांभा असा तापतो की चपलेतून चटका बसतो. गवत कधीच करपलेलं, वणव्याने काळे पट्टे पडलेले, आणि त्यात हिरव्यागार उभ्या असतात त्या फक्त करवंदीच्या जाळ्या. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. आग लागली तरी बुडातून पुन्हा फुटतात. माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांचा वास अंगणापर्यंत यायचा, तेव्हापासून आमचं लक्ष वर असायचं. चैत्रात कच्ची हिरवी करवंदं लोणच्याला काढायची, ती आजीच्या हुकमाने. पिकली की मग कोणाचा हुकूम लागत नसे.

सगळ्यात चांगली करवंदं जाळीच्या पोटात असतात. बाहेरची गुराखी आणि बुलबुल संपवतात. आत जायला ससे-कोल्ह्यांनी केलेले बोगदे असत, आणि त्या बोगद्यांतून पोटावर सरपटत जायचं काम घरातल्या सगळ्यात बारीक मुलाचं. म्हणजे माझं. आधी दादा काठीने जाळी बडवून घ्यायचा, फुरसं असेल तर पळावं म्हणून. फुरसं तसं पळत नाही, जागच्या जागी वेटोळं करून खवले घासत खरखरत बसतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर दादाच्या काठीवर भरवसा ठेवून मी निर्धास्त आत शिरत होते.

आत उजेड हिरवट असायचा. उताणं पडलं की डोक्यावर काळी करवंदं लोंबायची, हात लावला की देठ सुटून तळव्यात. बाहेरून दादा ओरडायचा, "टाक की बाहेर!" मी पाच खायची आणि एक टाकायची. मग बाहेर येऊन वाटणी, आणि वाटणीआधी कोंबडा की कोंबडी. दाताने तोडून दाखवायचं, आतून लाल तो कोंबडा, पांढरट ती कोंबडी. यावर खरीखुरी भांडणं झालेली आहेत. फिक्या गुलाबीला काय म्हणायचं, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

घरी यायचो ते ओठ चिकाने चिकटलेले आणि फ्रॉक फाटलेला अशा अवस्थेत. आजी खोबरेल तेलाचं बोट ओठांवरून फिरवायची आणि म्हणायची, "मेल्यांनो, एवढाच वेळ काय ते गप्प बसता."

आता पोटावर सरपटणं संपलं. बसता येतं, उठता येत नाही, म्हणून बसतच नाही. उभ्याने काय मिळेल ते. सोबत काळी छत्री नेते. उन्हासाठी, असं घरच्यांना सांगते. खरा उपयोग तिच्या वाकड्या मुठीचा, उंच फांदी ओढायला तिच्यासारखं हत्यार नाही. चष्म्याची मात्र पंचाईत. जवळचं दिसतं खालच्या अर्ध्या भिंगातून आणि करवंद असतं डोळ्यांच्या वर, मग मान मागे टाकून, हनुवटी वर करून शोधायचं. काटा नेमका दोन भिंगांच्या रेघेवर येतो. काटेही साधे नाहीत, लांब, जोडीजोडीने येणारे, काही तर पुढे दुभागलेले.

माझं एक खूळ आहे. करवंद धुवायचं नाही आणि फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवायचं नाही. थंड करवंद ही कल्पनाच मला सहन होत नाही, ते उन्हाने कोमट झालेलंच पाहिजे. कसारा-इगतपुरीकडे गाडीत बायका द्रोण घेऊन येतात, ती मी घेते, पण ती खाणं झालं, करवंदं खाणं नव्हे. आणि केकवरची ती लालभडक चेरी पुष्कळदा आपलं करवंदच असतं, साखरेत मुरवून रंगवलेलं, हे कळल्यापासून वाढदिवसांना मी ती बाजूला काढून ठेवते. कोणी विचारलं तर साखर वाढलीय म्हणते.

सडा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जेसीबी येतो, दोन दिवसांत जाळ्या उपटून ढीग करतो, मग माती आणून हापूसची कलमं लावतात आणि भोवती तारेचं कुंपण. करवंदीच्या कुंपणाइतकं पक्कं कुंपण तारेचं होत नाही, पण हे ऐकायला कोण थांबतंय. दुसरीकडे या सड्यांवरच्या कातळशिल्पांना नाव मिळालंय. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर तर केवढा तरी मोठा हत्ती कोरलेला आहे. सड्यांवर एवढं हिंडूनही आम्हाला कधी रेघसुद्धा दिसली नाही. आमची नजर जमिनीकडे नव्हतीच.

अजून एक जाळी शाबूत आहे. कुठे, ते सांगणार नाही. तिच्याकडे मी वळिवाआधी जाऊन येते, कारण एकदा पाऊस पडला की करवंद पाणचट होतं आणि मग अळ्या. गेल्या खेपेला पानाचा खोला करून चार करवंदं घरी आणली, तर भाच्याच्या मुलीने बघता बघता फस्त केली.

"आत्याआजी, कसली भारी आहेत! कुठे मिळाली? मला लोकेशन पाठव ना."

वस्तू द्यायचं मला आता काही वाटत नाही. पाटल्या सुनेला दिल्या. माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा हात अडखळला नाही. ही जाळी तर आमच्या सातबाऱ्यातली सुद्धा नाही. पोरगी गोड आहे, काट्यांना भिणारी नाही, आणि घरातली सगळ्यात बारीक.

"पाठवते हं," मी म्हटलं. "जरा नेटवर्क येऊ दे."

नेटवर्क चांगलं होतं.