सीनाकाठी हिमनदी शोधायला जाणाऱ्यांसाठी

सोलापूरजवळ वडकबाळच्या पुलाखालून सीनेच्या काठाने कुडल संगमाकडे, म्हणजे सीना भीमेला मिळते तिथे, जाणारी पायवाट आता राहिलेली नाही. मोबाइलच्या नकाशावर ती अजून दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ती गेली. तिच्या जागी बसलेल्या गाळात आम्ही दोघांनी नोव्हेंबरमध्ये पाच तास घालवले, आणि चाललो किती, तर जेमतेम तीन किलोमीटर.

गेलो होतो दगडांसाठी. एका व्हिडिओत सीनेच्या घळीतले बैलाएवढे गोल धोंडे दाखवून ‘हे हिमयुगात हिमनदीने आणले’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ‘काठाने सोपी वाट आहे, अर्ध्या दिवसात पोचाल’ हेही त्यातच होतं. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. सोबतचा मित्र विहिरींच्या पाणीपातळ्या मोजायचं काम करतो. हिमनदीचं त्याला निघतानाच पटलं नव्हतं, वाटेचं मात्र त्यालाही खरं वाटलं.

आधी गाळाबद्दल, कारण पाय मोडेल तर तिथेच. वरून तो वाळलेला दिसतो, खपल्या खपल्या होऊन भेगाळलेला. खपली दोन-तीन बोटं जाड, आणि खाली ओली चिकण. पहिली पन्नास पावलं धरते, मग एकदम गुडघ्यापर्यंत पाय जातो. उसाच्या कडेला उभ्या एका आजोबांनी आम्हाला हाक मारून सांगितलं होतं, “अण्णा, वरनं वाळलंय, आतनं लोण्यागत हाय. बांधाबांधानं जावा.” आम्ही ऐकलं नाही. तुम्ही ऐका.

त्यात ओघळी. पूर ओसरताना शेतातलं पाणी जिथून नदीत उतरलं, तिथे काठ उभा कापला गेलाय. अशा दहा-बारा तरी लागल्या. प्रत्येक वेळी आत शेतापर्यंत वळसा, परत काठावर. गाळात ठिबकच्या नळ्या पुरल्या गेल्यात, त्यात पाय अडकतो. त्याच नळ्या बाभळींना आमच्या डोक्याच्या वर हातभर लोंबत होत्या. पाणी कुठवर चढलं होतं हे बातम्यांत पाहूनही मला कळलं नव्हतं, ते त्या बाभळीखाली मान वर करून उभा राहिल्यावर कळलं.

शेवटी एका ट्रॅक्टरला हात केला. दोन किलोमीटर, पक्क्या रस्त्यापर्यंत. उतरल्यावर त्याने बाराशे रुपये मागितले, आणि दिवस मावळत आलेला म्हणून आम्ही दिले. ही लूट आहे. बसायच्या आधी ठरवा, नाहीतर बसू नका. त्याच संध्याकाळी ज्यांच्या नदीकाठच्या पाणी उपसायच्या दोन्ही मोटारी पुरात गेल्या होत्या, त्या घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अंथरूण मिळालं. पैसे पुढे केले तर मावशी रागावल्या.

आता दगड. दुसऱ्या दिवशी एका नाल्याच्या कापात व्हिडिओतल्यासारखे धोंडे सापडले. हात लावून पाहिलं. धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे होते आणि बाहेरचा पापुद्रा नखाने सुटत होता. खडक थंड होताना त्याला पडलेल्या सांध्यांतून पाणी आत शिरतं, कोपरे आधी कुजतात, मधला गाभा गोल उरतो. धोंडा कुठून आलेला नाही, जागच्या जागी गोल झालाय. शिवाय खालच्या पात्रात आम्ही शंभरेक गोटे उलटेपालटे केले, सगळे बेसाल्टचे, नाहीतर बेसाल्टच्याच पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या. हिमनदी वाटेत येईल ते सगळं ओढून आणते: वेगवेगळ्या जातींचे दगड, लहानमोठे, मातीत कालवलेले, काहींवर ओरखडे. इथे त्यातलं काहीही नाही. सोलापूरचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि नंतरच्या हिमयुगांत बर्फ हिमालयात होता, दख्खनवर नव्हता.

महाराष्ट्रात हिमनदीची खूण बघायचीच असेल तर चंद्रपूरजवळ इरईला जा. तिथे चुनखडकावर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, भारत दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता तेव्हाचे. सीनेला त्यासाठी येऊ नका.

सीनेला या ते विहिरी बघायला. आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि आख्ख्या फेरीत सगळ्यात मोलाचं तेच होतं. नदीपासून वर माळाकडे निघालं की एक न बांधलेली, उघड्या कडेची विहीर गाठा, मालकाला विचारून. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ खडक), मध्ये हातभर तांबडा थर, खाली अखंड काळा पाषाण. तांबड्या थराच्या वरून पाणी पाझरताना दिसतं, खालचा दगड कोरडा. आमच्या यजमानांनी माळावर चारशे फूट बोअर घेतलं होतं, धूर निघाला. पुरात ज्याचं शेत बुडालं त्याच्याच बोअरला पाणी नाही, हे मला आधी पटेना. मित्राने सांगितलं ते असं: काळी जमीन एकदा भिजली की फुगते, भेगा बंद होतात, वरचं पाणी वाहून जातं. जे मुरतं ते मुरूम आणि मांजऱ्यात साठतं, आणि ती साठवण लहान. भरते लवकर, झिरपून नाल्याला जाते लवकर. मालक म्हणाले, “आत्ता हाताला पाणी लागतंय, शिवरात्रीनंतर या बघायला.”

आणि पूर तर इथल्या पावसाचा नव्हताच फक्त. सीना अहिल्यानगरकडून येते, बीड आणि धाराशिवच्या बाजूचं पाणी घेते. तिकडे कोसळलं, वरची धरणं सोडावी लागली, आणि लांबोटीला पुण्याचा तर वडकबाळला विजयपूरचा रस्ता बंद झाला. संगमाजवळच्या लोकांनी आणखी एक सांगितलं: भीमा चढलेली असली की सीनेचं पाणी मागे फुगतं. म्हणून भीमेवरच्या उजनी धरणातून विसर्ग सुरू असेल त्या आठवड्यात या भागात पाऊल टाकू नका, वर आभाळ निरभ्र असलं तरी.

तिसरा दिवस डांबरी रस्त्याचा, त्यात सांगण्यासारखं काही नाही. संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४० चा मराठी शिलालेख मात्र चुकवू नका, आणि बॅटरी न्या, अक्षरांवर आडवा उजेड पाडल्याशिवाय ती लागत नाहीत.

जायचंच असेल तर फेब्रुवारीत, बांधाबांधाने. काठी हवी, घोट्यावर घट्ट बसणारे बूट हवेत, सॅंडल नकोत. माणशी चार लिटर पाणी न्या, नदीचं पिऊ नका. संध्याकाळी कुडलहून वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून महामार्ग गाठला. भाडं आधी विचारलं, तो म्हणाला, “चिखल तेवढा झाडून बसा.”