एडिंबराची एकची तोफ

आज एडिंबराचा किल्ला बघितला. दुपारी बरोबर एकला तोफ उडाली आणि अख्खा घोळका दचकला! १८६१ पासून रविवार सोडून जवळजवळ रोज उडते. पूर्वी बंदरातली जहाजं तिच्यावर घड्याळं लावायची, आता पर्यटक मोबाईल सरसावून उभे असतात.

स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स १५६६ मध्ये जन्मला ती खोली अगदीच एवढीशी. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपेल तर आपल्या वेशीवरच्या मारुतीच्या देवळाएवढं. तिथे आजही लग्नं लागतात, पाहुणे जेमतेम वीस-पंचवीस. आपल्याकडे तेवढे रुसून बसलेलेच असतात! तटावरून खाली सैनिकांच्या कुत्र्यांची दफनभूमीही दिसते.

ऑगस्टात किल्ल्यासमोर लष्करी बँडांचा ‘टॅटू’ नावाचा सोहळा रंगतो, १९५० पासून. तिकिटाचे दर बघून नवऱ्याने लगेच जेवणाचा विषय काढला.