महिरपी कंस अखेर खाली आला

आजचा अख्खा दिवस प्रबंधातल्या एका आकृतीत गेला. लाटेक या आज्ञा लिहून मजकूर मांडायच्या प्रणालीत टिक्झ, म्हणजे आकृतीचं वर्णन शब्दांत लिहायची भाषा, वापरून पाच चौकटी, चार बाण आणि तीन चौकटींना खालून कवेत घेणारा महिरपी कंस. चौकटी-बाण लगेच जमले. ‘ही तिच्या उजवीकडे’ एवढं सांगितलं की पुरे. कंस मात्र दरवेळी वरच! मग उमगलं: रेघ ज्या दिशेने जाते तिच्या डाव्या हाताला कंस फुगतो. ‘मिरर’ हा एक शब्द घातला आणि स्वारी खाली आली.

टिक्झचे कर्ते टिल टांटाऊ यांनी या जर्मन लघुरूपी नावातच सांगून ठेवलंय, हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर नाही. खरंच, इथे रेघ ओढायची नाही, नातं सांगायचं. संध्याकाळी मधे एक चौकट वाढवली, तर कंस आपणहून रुंदावला. फार आनंद झाला.