नायगाव ते टिळक ब्रिज : आमची २०२० ची एकमेव सहल

मे महिन्यात आम्ही हंपीला जाणार होतो. तिकिटं जानेवारीतच काढलेली, हॉटेल बुक, नवऱ्याने तर त्यासाठी कॅमेऱ्याची लेन्स घेऊन ठेवलेली जी अजून खोक्यातच आहे. मग २४ मार्चला रात्री आठ वाजता जे काय व्हायचं ते झालं, लॉकडाऊन लागलं, हंपी गेली, पैसे आले परत, आणि पुढचे अडीच-तीन महिने म्हणजे पोळ्या, भांडी, लॅपटॉप, आणि मधे आमची बिल्डिंग बांबू लावून सील केली ते चौदा दिवस. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्या घरी तेच चाललेलं.

तेव्हा ग्रुपवर रोज एक तरी मेसेज यायचा की घरच्या घरी छोटे छोटे आनंद शोधा. मला जाम राग यायचा. दोन खोल्यांत चार माणसं, एकाची मीटिंग चालू असताना दुसऱ्याने कुकर लावायचा नाही, ह्यात आनंद कुठे शोधणार, बेसिनखाली? पण खोटं कशाला बोलू, मी पण ती डालगोना कॉफी केली. हात भरून आला आणि चव पांचट.

एक मात्र झालं. गॅलरीसमोर जे उंबराचं झाड आहे त्यावर एक पक्षी दिवसभर टुक टुक टुक टुक करत बसायचा. इतकी वर्षं तो तिथेच असणार, पण खाली बसचे हॉर्न चालू असताना ऐकतंय कोण. बाबा म्हणाले, "रिव्हेट मारतोय साला कुणीतरी." नंतर कळलं की तो तांबट. म्हणजे नाव ठेवणाऱ्याला पण तेच वाटलेलं.

बाबा म्हणजे माझे वडील. माटुंगा वर्कशॉपला ३८ वर्षं काढली, १९७२ ते २०१०. डबे उघडायचे, दुरुस्त करायचे, परत जोडून लाइनवर पाठवायचे. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी घरात घड्याळ लोकलचंच. आमच्याकडून रुळ तसे लांब आहेत, पण पहाटे आणि रात्री उशिरा गाडीचा आवाज स्पष्ट येतो, आणि बाबा अंथरुणातूनच सांगणार, "पहिली गेली, उठा." आम्हाला ह्याचा आयुष्यभर वैताग.

२२ मार्चच्या रात्री लोकल बंद झाल्या आणि बाबांची झोप गेली. म्हणजे अक्षरशः गेली. रात्री दोनला बघावं तर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. मधेच एखादी मालगाडी नाहीतर स्टाफची गाडी जायची, तेवढ्यापुरती मान वर व्हायची. एकदा मी विचारलं, अहो तुमच्या त्या ७४ च्या संपात पण बंदच होत्या ना गाड्या? तर म्हणाले, "तेव्हा आम्ही बंद पाडल्या होत्या. ह्या वेळी आम्हाला कोणी विचारलं पण नाही." त्या संपाला ते दोन वर्षांची नोकरी असलेले पोरगे होते, वीसएक दिवस संप चालला, आणि तो विषय निघाला की जेवण गार होतं, म्हणून मी आत गेले.

१४ जूनला रविवारी टीव्हीवर दिवसभर एकच बातमी चाललेली, आणि रात्री खाली पट्टीत बारीक अक्षरात आलं की उद्यापासून लोकल सुरू, फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बाबांना चष्म्याशिवाय वरणातली मोहरी दिसत नाही पण ती पट्टी बरोब्बर दिसली. "उद्या टिळक ब्रिजवर जायचं." म्हणजे दादरला रुळांवरून जातो तो पूल.

मी नाही म्हटलं. ६५ च्या वरच्यांनी घरात राहायचं होतं, बाबा सत्तरचे, शुगर आहे, आणि सील उघडून महिना पण झाला नव्हता. नवरा नाही म्हणाला, मुलगी म्हणाली आजोबा यूट्यूबवर बघा. बाबा काहीच बोलले नाहीत. पहाटे पाचला उठून बघते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, मास्क लावून, छत्री घेऊन दाराशी उभे. आता ह्याला काय करणार. मी थर्मासात चहा भरला आणि निघालो. कोणाला सल्ला म्हणून सांगत नाहीये, चूकच होती, उद्या काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं माहीत नाही. पण गेलो.

अंतर जेमतेम दीड किलोमीटर. शारदा टॉकीजवरून आंबेडकर रोडला लागायचं, तिथून सरळ दादर टीटी, आणि मग डावीकडे ब्रिज. आदल्याच दिवशी पावसाळा सुरू झाल्याचं वेधशाळेने जाहीर केलेलं, रस्ता ओला, आणि भर रस्त्यात दुभाजकाला टेकून चार कुत्री झोपलेली, आम्हाला बघून एकाने फक्त कान हलवला. मला सगळ्यात विचित्र काय वाटलं तर दादरला वास नव्हता. फुलांचा नाही, तळणीचा नाही, डिझेलचा नाही. नुसता ओल्या मातीचा, गावाला येतो तसा. बाबा ८४ दिवसांनी चालत होते त्यामुळे दर खांबाला थांबायचे आणि थांबलोय हे कळू नये म्हणून काहीतरी सांगायचे. टीटीला म्हणाले की इथे ट्राम फिरायची, ती बंद झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. हे मी शंभर वेळा ऐकलंय. पण रिकाम्या सर्कलला उभं राहून ऐकताना पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं की ट्राम वळायची तर कुठून वळत असेल.

ब्रिजच्या तोंडाशी पोलीस. मी मनात औषधाचं दुकान वगैरे तयारच ठेवलेलं. हवालदाराने विचारलं, "आजोबा, वय काय? कुठे निघालात?"

बाबा म्हणाले, "सत्तर. लोकल बघायला."

माझा जीव घशात. हवालदार दोन मिनिटं बघतच राहिला, मग म्हणाला, "कुठली, सेंट्रल का वेस्टर्न?"

"सेंट्रल," बाबा म्हणाले, असं की वेस्टर्न बघायला कोण सत्तराव्या वर्षी उठून येईल.

तो हसला. डोंबिवलीचा निघाला, मार्चपासून बसने ये-जा, दोन-दोन तास. "उद्यापासून मी पण लोकलने. दहा मिनिटं बघा आणि घरी जा आजोबा. आणि ताई, तुम्ही तरी समजवायचं ना." सगळ्याचं खापर शेवटी माझ्यावर.

ब्रिजवर आम्ही दहा नाही, चाळीस मिनिटं होतो.

एरवी ह्या ब्रिजवरून मी हजार वेळा गेलेय, टॅक्सीत घड्याळ बघत. खाली कधी वाकून बघितलं नव्हतं. फुटपाथवरून कठड्याच्या जाळीतून खाली रुळच रुळ, आणि त्यांचा रंग वेगवेगळा! काही चांदीसारखे लखलखीत, काही पूर्ण तांबडे, गंजलेल्या विळ्यासारखे. बाबांनी समजावलं की रूळ काय स्टेनलेसचा नसतो, चाक घासतं म्हणून चमकतो. जिथून मालगाड्या आणि गावी जाणाऱ्यांच्या स्पेशल गाड्या गेल्या ते चकचकीत राहिले. बाकीच्यांवर पावसाचे दोन थेंब पडले की संपलं. अठरा वर्षं मी ह्या रुळांवरून कामाला गेले, लेडीज डब्यात दुसऱ्यांची कोपरं खाल्ली, चौथ्या सीटसाठी भांडले, रोज शिव्या घातल्या, आणि रूळ चमकतो का हे कधी डोक्यातच आलं नाही.

चहा ओतला. मास्क हनुवटीवर. तेवढ्यात बाबांनी हात वर केला, म्हणजे गप्प बस. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं, आधी वरच्या तारेत बारीक सळसळ आणि मग गाडी, बारा डब्यांची, परळकडून, हळू. खिडकीत माणसं मोजता येत होती! बाराशे सीटच्या गाडीत सातशेच माणसं घ्यायची असा नियम होता, त्या गाडीत तर तेवढीही नसावीत. दारात कोणीही लटकलेलं नाही. लेडीज डब्यात एक बाई खिडकीला डोकं लावून गाढ झोपलेली, कडेला पांढरा कोट घडी करून ठेवलेला.

मला वाटलं बाबा रडतायत की काय. बघते तर डोळे मिटून कान लावलेला, कपाळाला आठी, पेशंट तपासतात तशी.

"खरखर ऐकलीस?"

मला नुसतं धडधड धडधड ऐकू आलेलं.

"गाडीची नाही, रुळाची आहे. गंज खातेय गाडी." मग म्हणाले, "दोन-चार दिवस अशीच वाजेल. आणि गाड्या कमी आहेत, पाऊस आहे. चार धर."

मग आम्ही अजून दोन गाड्या बघितल्या, बाबांना खात्री करायची होती. परत येताना हवालदाराने नुसतं घड्याळ दाखवलं. घरी पोचेपर्यंत जोरात आला, छत्री उलटी झाली, काडी मोडली, बाबांचे गुडघे पुढे तीन दिवस सुजलेले आणि नवरा माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही. खर्च म्हणाल तर तेवढाच, छत्रीचा.

मला स्वतःला लोकलमधे चढायला मिळालं ते ऑक्टोबरात, बायकांना परवानगी दिली तेव्हा. बसायला जागा मिळाली, खिडकीची, आणि मी मूर्खासारखी अख्खा प्रवास बाजूच्या रुळाकडे बघत होते.

पण ते नंतरचं. जूनमधे, त्या सोमवारनंतर पाचव्या की सहाव्या रात्री पाणी प्यायला उठले तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. घाबरले. आत बघितलं तर बाबा अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. लांबून शेवटची गाडी जात होती.

"साफ झाला," ते म्हणाले, आणि पांघरूण ओढून घेतलं.